अंजनेरीवरून मृग: फोटोंची सफाई आणि रचाई

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडे कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स असतेच. मृगाच्या पोटातल्या बाणाखालचा तेजोमेघ टिपायला तेवढं पुरतं. वर ट्रायपॉड आणि नाशिकजवळच्या अंजनेरीपर्यंतचं पेट्रोल. तिथून नाशिकचा उजेड पूर्वेला राहतो, म्हणून मृग पश्चिमेला कलू लागला की सुरुवात करा.

व्याधावर लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून फोकस घ्या आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. फोटो रॉमध्ये, आयएसओ १६००, ५ सेकंदांचे १०० तरी. सोळा फोटो एकावर एक रचले की नॉइज (फोटोतली रवाळ खरखर) पाव होतो, शंभर रचले की दहावा हिस्सा. पुढे फायदा हळूहळू वाढतो. तो वेळ सफाईच्या फोटोंना द्या, म्हणजे कॅमेरा-लेन्सचे दोष काढायला लागणाऱ्या डार्क, बायस आणि फ्लॅटना.

डार्क म्हणजे झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढेच सेकंद आणि तेवढीच थंडी. नवखे इथेच कंटाळा करतात. सेन्सर गरम-गार झाला की त्याचे चमकणारे पिक्सेलही बदलतात, त्यामुळे घरी रजईत बसून काढलेले डार्क जानेवारीच्या रात्रीला लागू पडत नाहीत. सामान आवरता आवरता वीसेक काढून घ्या. बायस म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या मूळ पातळीचा फोटो. त्यालाही झाकण आणि तोच आयएसओ, फक्त शटर सगळ्यात जलद.

फ्लॅट, म्हणजे एकसारख्या पांढऱ्या उजेडाचा फोटो, मात्र जीव लावून काढा. मंगल कार्यालयात लेन्स बदलणाऱ्यांच्या सेन्सरवर किती धूळ बसते ते इथे कळतं. फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता लेन्सवर पांढरा टी-शर्ट सुरकुती न पडता ताणा, लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन समोर धरा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मधोमध येईल असं शटर ठेवा. स्क्रीन लुकलुकतो, म्हणून शटर १/१५ च्या आसपास बरं. उजेड जास्त वाटला तर स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. धुळीचे ठिपके आणि काळवंडलेले कोपरे या फोटोंनी भागले की निघून जातात.

घरी आल्यावर सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. लाइट्स (मृगाचे मूळ फोटो), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस अशा चार फोल्डरांत फोटो टाका (नावं इंग्रजी लिपीत, स्पेलिंग चुकलं तर स्क्रिप्ट अडते) आणि सिरिलमधली रंगीत कॅमेऱ्याची स्क्रिप्ट (तयार आज्ञांची यादी) चालवा. साफ करणं, तारे जुळवणं, रचणं ती स्वतःच करते. विमानाची रेघ आलेले फोटो काढून टाकू नका. बाकीच्यांपासून फार वेगळा पडणारा पिक्सेल रचताना आपोआप वगळला जातो. हललेले आणि लेन्सवर दव बसलेले मात्र आधीच उडवा.

निकाल काळाकुट्ट दिसेल. ऑटोस्ट्रेच (आपोआप उजळून दाखवणं) लावून बघा, तो फक्त दाखवण्यापुरता असतो. आधी शहराच्या उजेडाची झाक बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने काढा, मग हिस्टोग्राम थोडा थोडा ताणा. तेजोमेघाचा गाभा लगेच पांढरा फटक पडतो. त्यासाठी एकेक सेकंदाचे वेगळे फोटो काढून, त्यांचे डार्कही एकेक सेकंदाचेच घेऊन, वेगळे रचा आणि तेवढा भाग वरून बसवा.