घरी भरलेल्या जुन्या कॅसेटी संगणकात कशा उतरवाव्यात

खान्देशातल्या बऱ्याच घरांत अजून एखादी पत्र्याची पेटी असते आणि तिच्या तळाशी दहा-वीस कॅसेटी. त्यातल्या विकतच्या सिनेगाण्यांच्या कॅसेटी बाजूला ठेवा, ती गाणी कुठेही मिळतात. हा लेख घरी भरलेल्या कॅसेटींसाठी आहे. कानबाई देवीच्या जागराच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची झोक्यावरची गाणी, हळदीच्या वेळी कुणीतरी टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ-टेपचं, लाल बटण दाबून ठेवलं म्हणून आपोआप भरला गेलेला गलका. त्यातली अहिराणी आता आमच्या पिढीच्या तोंडी राहिलेली नाही, आणि अशा प्रत्येक कॅसेटची जगात एकच प्रत असते. म्हणून हे काम या वर्षीच करा. फीत अजून काही वर्षं टिकेलही, पण ती वाजवणारं यंत्र आणि त्यातले आवाज ओळखणारी माणसं दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत.

वाजवण्याआधी

कॅसेट हातात घेतली की पहिलं काम तिच्या पाठीकडच्या कडेवर. तिथे दोन टोकांना दोन छोटे चौकोनी प्लास्टिकचे तुकडे असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ते मोडून टाका. ते नसले की टेपवर रेकॉर्डचं बटण दबतच नाही, त्यामुळे चुकून मूळ आवाज पुसला जाण्याची भीती संपते.

मग कॅसेट उजेडात धरून आतली फीत बघा. कडांवर पांढरट भुरी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हा त्रास कोकणाइतका नाही. आपला शत्रू ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पेटीत त्याहून जास्त तापतं. उष्णतेने गुंडाळीतल्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी बारीक ऐकू येत असेल, तर कारण हेच. अशी कॅसेट उतरवण्याआधी दोन-तीनदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, तो ठसा थोडा फिका होतो. तसंही वर्षानुवर्षं पडून असलेली प्रत्येक कॅसेट आधी एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. फार जुनी असेल तर पहिल्यांदा षटकोनी पेन्सिल घालून हातानेच फिरवा.

फितीच्या मागे, जिथे हेड टेकतं तिथे, तांब्या-पितळेच्या पट्टीवर नमद्याचा एक बारीक चौकोन असतो. उन्हाने त्याचा गोंद सुटतो आणि तो गळून पडतो. मग आवाज दबका, लांबून आल्यासारखा येतो आणि लोक समजतात की कॅसेट गेली. कॅसेट गेलेली नसते. एखादी निकामी विकतची कॅसेट घ्या, तिचे पाचही स्क्रू काढा, आणि आपल्या फितीची दोन्ही चाकं त्या डब्यात बसवा. सगळं टेबलावर सपाट ठेवून, पंखा बंद करून करा. फीत तुटली असेल तर जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा चीक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे थर चिकटवतो.

यंत्र

नवीन मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट-प्लेअर मी सुचवणार नाही. त्यांची मोटर हलकी असते आणि लांब सूर थरथरतो. त्यापेक्षा घरातला किंवा नात्यातला जुना डेक अथवा टू-इन-वन शोधा. बहुतेक वेळा त्याचा फक्त रबरी बेल्ट सैल झालेला असतो. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक अजून सापडतो आणि त्याला हे काम डोळे झाकून येतं. त्याच्याकडून हेडही तपासून घ्या.

हेड रोज स्वच्छ करायचं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि त्याशेजारचा धातूचा बारीक दांडा पुसा, काडीला तपकिरी डाग येईनासा होईपर्यंत. काळ्या रबरी चाकाला मात्र अल्कोहोल लावू नका, ते कडक पडतं. तिथे किंचित ओला कपडा पुरे.

जोडणी

टेपच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाया जाणारा मार्ग आहे. पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचा भोंगा सगळं त्यात शिरतं. आवाज तारेनेच न्या.

डेकला मागे लाल-पांढरी लाइन-आउटची भोकं असतील तर उत्तम. टू-इन-वनला ती नसतात. तिथे हेडफोनच्या भोकातून तार काढा आणि आवाज अर्ध्यावर ठेवा. दुसरं टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसू नका, आजकाल ते एकच असतं आणि ते फक्त माइकचा एकेरी आवाज घेतं. यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड घ्या, पण दुकानात ‘लाइन-इन’ हा शब्द वापरून मागा आणि डबीवर वाचून बघा. फक्त गुलाबी माइकचं भोक असलेली छोटी डोंगल याला चालत नाही. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

संगणक जुना चालेल. त्यावर ऑडासिटी हे फुकट सॉफ्टवेअर टाका; विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद करायला विसरू नका. ती सोय मीटिंगसाठी आहे. तिला टाळ्या, टिपऱ्या आणि मागचा कोरस म्हणजे गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकते.

रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. चार्जर आणि टेप दोन्ही विजेवर असले की तारेतून ५० हर्ट्झची घरघर शिरते. लोडशेडिंगच्या वेळात इन्व्हर्टरवर टेप लावून काम उरकायचा मोहही टाळा, साध्या इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते आणि ती ऐकू येते.

उतरवणं

ऑडासिटीत स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट निवडा; ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्था किमान एवढंच मागतात. साउंड कार्ड १६ बिटचंच असेल तर तेही ठीक. २४ बिटला ६० मिनिटांची कॅसेट सुमारे १ जीबी जागा घेते.

मग कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधा. लग्नाच्या कॅसेटीत तो डफाचा असतो, कानबाईच्या कॅसेटीत सगळ्याजणी एकदम ध्रुवपद उचलतात तेव्हाचा. तो वाजवून पाहा आणि मीटरचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. ० ला टेकलं की तिथला आवाज कायमचा फाटतो, नंतर कशानेही शिवता येत नाही. एकदा लावलं की मध्ये हात लावायचा नाही. बाजू पूर्ण वाजू द्या, मधली शांतता, बटणांचे खटके, ‘चालू शे का?’ असं कुणीतरी विचारलेलं, सगळं येऊ द्या. कॅसेट उतरवायला ती जेवढी वाजते तेवढाच वेळ लागतो, यात घाई करण्यासारखं काही नाही.

संपलं की लगेच वेव्ह किंवा फ्लॅक फाइल करा. फ्लॅकला कमी जागा लागते आणि आवाजाचा कणही जात नाही. ही फाइल म्हणजे मूळ प्रत. हिला पुढे काहीही करायचं नाही. सगळे प्रयोग तिच्या नकलेवर.

वेग

याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकावी असं ठरलेलं आहे. पण मळ्यात, अंगणात, वीज नसताना भरलेल्या कॅसेटी सेलवर भरलेल्या असत. सेल उतरत आले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते, आणि तीच कॅसेट नीट वेगाच्या यंत्रावर लावली की माणसं पातळ, चिरक्या आवाजात भरभर बोलतात. कित्येक घरांत ‘आजीचा आवाज असाच होता’ असं पुढची पिढी समजून बसते. तो तसा नव्हता.

ऑडासिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ने (जुन्या आवृत्तीत नुसतं ‘चेंज स्पीड’) हे सुधारतं. नुसतं ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, त्यांनी सूर आणि वेग या दोनातलं एकच बदलतं. टक्के किती द्यायचे हे ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकलाय त्यांना विचारा. कॅसेट विजेवर भरलेली असेल तर त्याहून नेमकी खूण मिळते. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची, आणि ती रेकॉर्डिंगच्या वेळीही फितीवर उतरलेली असते. कुणी बोलत नसलेला भाग निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ ६५५३६ ठेवा आणि ५० च्या आसपास शिखर शोधा. ते ५३ वर दिसलं तर कॅसेट ६ टक्के जास्त वेगाने वाजतेय; वेग ०.९४३ पट केला की माणसं आपल्या आवाजात बोलू लागतात. अगदी बरोबर ५० वर दुसरं शिखर दिसलं तर ती तुमच्या आजच्या तारेची घरघर आहे, तिला धरू नका. सेल हळूहळू उतरले असतील तर बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी वेग वेगळा निघतो. तेव्हा तुकडे पाडून दुरुस्ती करा.

खरखर किती काढावी

थोडीच. नकलेवर दोन सेकंदांची नुसती खरखर निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला नमुना द्या आणि ६ डेसिबल कमी करा. १२ च्या पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि अहिराणीतले घासून येणारे उच्चार पुसट होतात. जात्याची घरघर, गोठ्यातली घंटा, रातकिडे हे आवाज काढायचे नाहीत. तीही त्या रात्रीची नोंद आहे.

नावं लिहिणं

इतकं सगळं करून फाइलचं नाव ‘ट्रॅक १’ ठेवलं तर अर्धं काम राहिलं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला हेडफोन न लावता, स्पीकरवर ऐकवा, आणि शेजारी मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून घ्या. ‘हाऊ कोना आवाज शे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘हाऊ ते आबाना शे!’ म्हणता म्हणता गाव, साल, कुणाचं लग्न, कोण मागे हसतंय, हे सगळं निघतं. ते बोलत असताना ऑडासिटीत कंट्रोल आणि एम दाबला की त्या जागी खूण पडते. तिथे नाव लिहा. नंतर या सगळ्या खुणा वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये काढून ध्वनिफाइलशेजारी ठेवा. कॅसेटच्या कव्हरवरच्या अक्षराचा दोन्ही बाजूंनी फोटोही काढा.

प्रती तीन ठेवा. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. आपल्यापैकी निम्म्यांचे नातेवाईक सुरतेला किंवा पुण्याला असतात, त्यांच्याकडे. नात्यात वाटण्यासाठी एमपी३ पुरेशी, व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायची असेल तर आधी गाणाऱ्या बायकांना, त्या नसतील तर त्यांच्या घरच्यांना विचारा. घरातल्या घरात म्हटलेलं गाणं त्यांनी जगासाठी म्हटलेलं नव्हतं, आणि काहींना ते तसंच राहायला हवं असतं.

काम झालं म्हणून कॅसेट फेकू नका. फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, कव्हरमध्ये घालून, उभी ठेवा. स्पीकरपासून लांब, आणि जमलं तर घरातल्या मधल्या, कमी तापणाऱ्या खोलीत.