प्राथमिक आरोग्य केंद्रात कर्मचाऱ्यांना जपणारं नेतृत्व: प्रशिक्षण कसं आखावं

वैद्यकीय अधिकाऱ्याला रुग्ण तपासायला शिकवलेलं असतं, माणसं सांभाळायला सहसा कुणी शिकवत नाही. मग ताणाची ओरड झाली की योगाचं एक सत्र होतं आणि दुसऱ्या दिवशी तीच नाइट ड्यूटी, तेच रिपोर्टिंग. प्रशिक्षणाचा परिणाम ड्यूटीच्या तक्त्यात दिसला पाहिजे, हे आधी ठरवून घ्या.

एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून भागत नाही. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेचा दिवस तिच्यावर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिकेच्या हातात असतो, आशाताईंचा त्यांच्या गटप्रवर्तकाच्या. अधिकारी, सहायिका आणि गटप्रवर्तक अशा तिघांनाही एकत्र बसवा. तीन-चार केंद्रं मिळून 12 ते 16 जण पुरेत. त्याहून जास्त झाले की सराव राहून जातो आणि नुसतं भाषण होतं. सलग तीन दिवस घेतले तर ओपीडी अडते आणि लोक सारखे फोनवर असतात. त्यापेक्षा दुपारची अडीच तासांची चार सत्रं, दोन-दोन आठवड्यांनी. लसीकरणाचा वार टाळा. पहिल्या आणि शेवटच्या सत्राला तालुका आरोग्य अधिकारी हवेतच, कारण बऱ्याच गोष्टी त्यांच्या सहीवाचून हलत नाहीत.

पहिल्या सत्रात एका आरोग्यसेविकेचा आठवडा मोठ्या कागदावर मांडा: गृहभेटी, लसीकरणाची सत्रं, नोंदवह्या, पोर्टलं. एकच आकडा किती ठिकाणी भरावा लागतो, तिथे लाल खूण करा. बाजूला उपकेंद्राची खरी लोकसंख्या लिहा. निकष सपाट भागात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 असा आहे. फरक डोळ्यांपुढे आला की 'काम टाळते' हे बोलणं थांबतं. उठण्याआधी केंद्राच्या पातळीवर बंद करता येईल असं एक दुबार काम तिथेच बंद करा.

दुसरं सत्र ऐकण्याचं, आणि सगळ्यात अवघड. तिघांचे गट करा: एक बोलेल, एक ऐकेल, एक टिपेल. दहा मिनिटांनी भूमिका बदला. टिपणाऱ्याने फक्त दोन गोष्टी मोजायच्या: किती वेळा मध्ये तोडलं आणि पहिला सल्ला कितव्या मिनिटाला आला. बहुतेकांचा पहिल्याच मिनिटात येतो. 'ताण तर आम्हालाही आहे' हे वाक्य आलं की समोरचा माणूस मिटतो, पुन्हा सांगायला येत नाही. सतत थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, 'माझ्याने होत नाही' ही भावना, या खुणा ओळखायला शिकवा. निदान करायला मात्र नको. स्वतःच्या कर्मचाऱ्याचा डॉक्टर होऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक द्या. मरणाचे विचार बोलून दाखवले तर स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका आणि सोबत माणूस देऊन जिल्हा रुग्णालयात पोचवा. हे बोलणं व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा सेवापुस्तकात जाता कामा नये.

तिसऱ्या सत्रात वाईट दिवसाची तालीम करा. मातामृत्यू झाला की त्याच दिवशी पंधरा मिनिटं संबंधितांसोबत बसा, पुढची ड्यूटी दुसऱ्याला द्या; चूक कुणाची हा विषय मृत्यू अन्वेषणाच्या, म्हणजे कारणं शोधण्याच्या बैठकीसाठी ठेवा. मारहाण झाली तर नर्सला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका, प्रमुखाने तक्रार द्यावी. राज्याच्या 2010 च्या कायद्यानुसार हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे.

चौथ्या सत्राला प्रत्येक केंद्राने मागच्या महिन्याचा ड्यूटी तक्ता आणि रजेची नोंदवही आणावी. तीन गोष्टी पाहा: नाइटनंतरची सुट्टी खरंच मिळाली का, रजेचे किती अर्ज आठवडाभर पडून राहिले, रात्री आठनंतर व्हॉट्सअ‍ॅप गटावर किती आदेश गेले. सोबत बिननावाच्या चिठ्ठीवर एकच प्रश्न: 'अडचण साहेबांना किंवा मॅडमना सांगता येते का?' या चिठ्ठ्या दुसऱ्या केंद्राच्या माणसाने मोजाव्यात, कारण छोट्या केंद्रात अक्षर ओळखू येतं.