कन्सोलमध्ये मराठी अक्षरे: चौकोन दिसला की लगेच फॉन्ट बदलू नका

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या कन्सोल खिडकीत, मराठी नीट दिसत नाही असे म्हटले की लोक लगेच एखादा फॉन्ट सुचवतात. बहुतेक वेळा तो सल्ला चुकीचा असतो. आधी पडद्यावर नेमके काय उमटले आहे ते पाहा. चौकोन, प्रश्नचिन्हे आणि भलतीच परकी अक्षरे हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. बिघडलेला मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी नीट दिसली, तर मजकूर शाबूत आहे आणि फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत. तिथेही प्रश्नचिन्हेच आली, तर वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने मजकूर जुन्या कोडपेजमध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठले अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्यात) बसवायचा प्रयत्न केला आहे. अक्षरे तिथेच गळून पडली, आता जगातला कुठलाही फॉन्ट ती परत आणणार नाही. आणि ग्रीक अल्फा, त्याच्यामागे डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला एन, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ (यूनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मधला मजकूर कोडपेज ४३७ समजून वाचला जातो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. पहिला बाइट कायम तोच असतो आणि ४३७ मध्ये त्याचा अल्फा होतो. अमेरिकन इंग्रजी ठेवणीच्या विंडोजवर कन्सोलचे कोडपेज ४३७ असते, म्हणून हा प्रकार फार दिसतो.

कोडपेज बदलून यूटीएफ-८ करणे एका ओळीचे काम आहे: सीएचसीपी, एक जागा, ६५००१, एंटर. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.) हा बदल त्या खिडकीपुरताच टिकतो, त्यामुळे बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) असेल तर हीच ओळ तिच्यात सुरुवातीला घाला. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला लागणाऱ्या अदृश्य खुणेशिवाय) सेव्ह करा. बीओएम राहिला तर त्याचे बाइट पहिल्या आज्ञेला चिकटतात आणि ती आज्ञा ओळखता येत नाही अशी तक्रार येते.

आता फॉन्ट. लोक सर्वांत जास्त वेळ इथेच वाया घालवतात.

खिडकीच्या शीर्षकपट्टीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, फॉन्ट. तिथे रास्टर (ठिपक्यांचा जुना) फॉन्ट निवडलेला असेल तर तो काढून कन्सोलास किंवा ल्युसिडा कन्सोल घ्या. युरोपीय भाषांची खुणांची अक्षरे, ग्रीक आणि रशियन यांचे काम एवढ्यावर भागते. मराठीचे भागत नाही, कारण या दोन्ही फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

मग कोणीतरी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) उघडायला सांगते: कन्सोलच्या ट्रूटाइपफॉन्ट या नोंदीखाली ००० नावाने मंगल जोडा. हे करू नका. ती नोंद समान रुंदीच्या अक्षरांच्या फॉन्टसाठी आहे आणि मंगल तसा नाही. शिवाय खरी अडचण फॉन्टच्या पलीकडची आहे. जुना कन्सोल पडद्याची सारख्या आकाराची घरे पाडतो आणि एकेक चिन्ह सुटे काढतो. ‘क्षि’ घ्या: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी ४ चिन्हे, १२ बाइट. ती जोडायची, वेलांटी उचलून डावीकडे न्यायची, हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाचे आहे आणि जुन्या कन्सोलमध्ये ते होत नाही. फॉन्ट कितीही चांगला असो, जोडाक्षर फुटलेलेच दिसणार.

म्हणून माझे मत ठाम आहे: मराठी हवी असेल तर जुना कन्सोल सोडा आणि विंडोज टर्मिनल वापरा. त्याची १.० आवृत्ती मे २०२० मध्ये आली आणि विंडोज ११ मध्ये ते सोबतच मिळते. त्यातही १.२२ किंवा पुढची आवृत्ती घ्या, कारण अनेक चिन्हांचे मिळून बनलेले अक्षर एकच धरण्याची सोय तिथपासून आहे. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबले की सेटिंग्ज उघडतात. प्रोफाइल्समध्ये डीफॉल्ट्स, मग अपिअरन्स, मग फॉन्ट फेस. इथेही मुख्य फॉन्ट म्हणून निर्मला यूआय निवडायचा मोह टाळा. तो समान रुंदीचा नसल्याने इंग्रजी मजकुराची मांडणी विस्कटते. मुख्य फॉन्ट कॅस्केडिया मोनोसारखा ठेवा. त्यात नसलेली देवनागरी टर्मिनल स्वतःच दुसऱ्या फॉन्टमधून आणते.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करा. मराठी मजकुराचे सरळ उभे रकाने कन्सोलमध्ये भरवशाने जुळत नाहीत, कारण अक्षर किती घरे व्यापते याचा प्रोग्रामचा आणि टर्मिनलचा हिशेब वेगळा असू शकतो. तक्ता हवा असेल तर फाइलमध्ये काढा.

फाइलचेही पथ्य आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ३.६ आवृत्तीपासून विंडोजच्या पडद्यावर यूनिकोड थेट जाते, पण तेच आउटपुट फाइलकडे वळवले की जुने कोडपेज मध्ये येते आणि ‘चारमॅप’ची चूक दिसते. ३.७ पासून पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की ती थांबते. पॉवरशेल (विंडोजचा आज्ञा चालवणारा दुसरा प्रोग्राम) ५.१ मध्ये बीओएमचा नियम उलटा आहे: मराठी मजकूर असलेली स्क्रिप्ट तिथे बीओएमसह सेव्ह करा, नाहीतर ती जुन्या कोडपेजमध्ये वाचली जाते. पॉवरशेल ७ ला बीओएम लागत नाही.

लिनक्सवर ‘लोकेल’ आज्ञा चालवून यूटीएफ-८ आहे ना एवढे पाहा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने उघडणाऱ्या मजकुरी पडद्यावर मात्र सेटफॉन्ट या फॉन्ट बदलणाऱ्या आज्ञेने झटापट करू नका. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरजुळणी होत नाही. मराठीसाठी ग्राफिकल टर्मिनलच उघडा. तिथेही चौकोन आले तर फॉन्टची यादी देणाऱ्या ‘एफसी-लिस्ट’ आज्ञेला भाषा एमआर (मराठीची खूण) देऊन मराठीचा एखादा फॉन्ट यंत्रावर आहे का ते बघा. यादी रिकामी आली, तर नोटो सॅन्स देवनागरी बसवा आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.