सुखोईचं पोट उघडायचं थांबलं

नाशिकजवळ ओझरला ज्याची जुळवणी झाली, ते सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमान एकाच चौरस कागदातून, कात्री न लावता, नुसत्या घड्या घालून (ओरिगामी) करायचं होतं. दोन उभी शेपटं, पुढचे छोटे कॅनार्ड पंख. सगळ्यांचे थर मधेच गोळा होतात. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) झेरॉक्सचा कागद तिथे पार फुगला. कितीही दाबलं तरी पाच मिनिटांत पोट आ वासायचं.

शेवटी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन्ही बाजूंना पतंगाचा कागद स्प्रेच्या गोंदाने चिकटवला. (कागद बनवताना गोंद चालतो, घडीत लावला तर ती फसवणूक. माझा नियम!) आता घडी घातली तिथेच बसते. मात्र चुकलेली घडी फॉइलवरून जात नाही, म्हणून आधी रद्दीवर सराव केला. डावं शेपूट अजून जरा कलतंच.