कामावरचा तांत्रिक अहवाल नीट कसा लिहावा

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात रोज ढिगाने अहवाल लिहिले जातात: रिजेक्शनचे, ब्रेकडाउनचे, ट्रायलचे, कस्टमर कंप्लेंटचे. लिहिणाऱ्याला काम उत्तम येत असतं, तरी चार पानं वाचून मशिन चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कळत नाही. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला जर्नल उतरवून काढण्यापलीकडे आपल्याला लिहायला फारसं कोणी शिकवत नाही. ते कामावरच शिकावं लागतं, आणि मेहनतीने नक्की जमतं.

आधी वाचणारा ठरवा

लिहायला बसण्यापूर्वी एका चिठ्ठीवर नोंदवा: हे कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार? प्लांट हेडला खर्च आणि वेळ हवा असतो, मेंटेनन्सला बेअरिंगचा नंबर, तर गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याला पुढच्या लॉटची खात्री. निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी पहिला परिच्छेद लिहा, बाकीच्यांचा तपशील मागे जोडा.

बोला, मग लिहा

अहवाल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत द्यावा लागतो आणि तिथेच हात अडतो. त्यावर सोपा उपाय आहे. शेजारच्या सहकाऱ्याला मराठीत सांगा: काय झालं, कशावरून म्हणता, आता काय करायचं. हवं तर फोनवर रेकॉर्ड करा. ही तीन उत्तरं म्हणजेच तुमचा पहिला परिच्छेद. उद्देश, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा जर्नलचा क्रम काम जसं घडलं तसा चालतो. कारखान्यात निष्कर्ष सगळ्यात वर हवा.

विशेषणं काढा, आकडे घाला

हे वाक्य पाहा: ‘पंपामध्ये मोठ्या प्रमाणात कंपने आढळून आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ कोणता पंप? कंपन किती? कार्यवाही कोणी करायची, कधीपर्यंत? आता हे वाचा: ‘पंप क्र. 3 च्या मोटरकडच्या बेअरिंगवर कंपन 9.2 मिमी/सेकंद मिळालं. मॅन्युअलमधली मर्यादा 4.5 मिमी/सेकंद आहे. मेंटेनन्सने शनिवारच्या शटडाउनमध्ये बेअरिंग बदलावं. तोवर पंप क्र. 4 चालवावा.’ लांबी थोडी वाढली, पण आता विचारायला काही उरलं नाही. ‘करण्यात यावी’ दिसलं की कोणी करायचं ते लिहा.

आकडाही प्रामाणिक हवा. 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून बारीक न मोजणाऱ्या) व्हर्नियरवर 25.02, 25.04, 25.04 मिमी अशी रीडिंग आली, तर कॅल्क्युलेटर सरासरी 25.0333 दाखवतो. तसं लिहिलं तर उपकरणाकडे नसलेली अचूकता आपण कागदावर दाखवतो. म्हणून 25.03 मिमी लिहा. आणि एककाशिवाय आकडा कधीच लिहू नका. 1999 मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरचे (यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांचे) आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि पुढच्यांनी ते न्यूटन-सेकंद धरले. एका पाउंड बलाचे जवळपास साडेचार न्यूटन होतात.

दिसलं ते एकीकडे, वाटलं ते दुसरीकडे

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ‘शाफ्ट ओव्हरलोडने तुटला’ हे निरीक्षण नाही, अनुमान आहे. दिसलं काय ते लिहा: तुटलेल्या पृष्ठभागावर की-वेच्या (शाफ्टमधल्या चावीच्या खाचेच्या) कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या वक्र रेषा आहेत, उरलेला भाग खडबडीत आहे. शेजारी पट्टी ठेवून फोटो जोडा. अशा रेषा, म्हणजे बीच मार्क्स, सहसा फटीगकडे बोट दाखवतात: वारंवारच्या भाराने तडा हळूहळू वाढत जातो. मग एकाच वेळच्या ओव्हरलोडऐवजी कोपऱ्याची त्रिज्या, अलाइनमेंट हे तपासावं लागेल. तुमचं अनुमान चुकलं तरी निरीक्षण नीट नोंदलेलं असेल, तर दुसरा कोणी खरं कारण शोधू शकतो. म्हणून ‘निरीक्षण’ आणि ‘संभाव्य कारण’ अशी दोन वेगळी शीर्षकं ठेवाच.

ऑपरेटरसाठीच्या सूचना

एका वाक्यात एकच कृती द्या. धोक्याची सूचना कृतीच्या आधी आली पाहिजे. ‘कव्हर उघडा. उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद केल्याची खात्री करा’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याचा हात पहिल्याच वाक्याला कव्हरवर जातो. लाइनवर मराठी न वाचणारे असतील तर हिंदी प्रतही लावा. मग मशिन बंद असताना एका नव्या ऑपरेटरला कागद द्या, शेजारी गप्प उभे राहा आणि तो कागदाबरहुकूम हात कुठे नेतो ते पाहा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, ती ओळ पुन्हा लिहा.

पाठवण्यापूर्वी

घाई नसेल तर अहवाल रात्रभर ठेवा. सकाळी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाला फक्त पहिला परिच्छेद वाचायला द्या आणि विचारा, ‘आता काय करायचं?’ त्याचं उत्तर तुमच्या मनातल्याशी जुळलं तर पाठवा. वरिष्ठांनी खाडाखोड केली असेल तर नुसती टाइप करून देऊ नका. का बदललं ते विचारून घ्या. दर महिन्याला एक जुना अहवाल काढून त्याचा पहिला परिच्छेद नव्याने लिहीत चला.