साइटवर यूट्यूबचे व्हिडिओ आणायचेत? सर्चच्या नादी लागू नका

गावातल्या हौशी नाटक ग्रुपची साइट करून दिली होती मी, होमपेजवर त्यांच्या यूट्यूब चॅनेलचे शेवटचे सहा व्हिडिओ दिसले पाहिजेत एवढंच काम. मे महिन्यात लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि सकाळी अकरालाच फोन, अरे पेज रिकामं दिसतंय. घोळ माझाच होता, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गूगल क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट बनवा, लायब्ररीत यूट्यूब डेटा एपीआय व्ही ३ (आपल्या कोडने यूट्यूबकडून माहिती मागवायची सोय) शोधून इनेबल करा, मग क्रेडेन्शियल्समध्ये जाऊन एपीआय की (ती माहिती मागायची तुमची किल्ली) घ्या. पब्लिक व्हिडिओ नुसते दाखवायचे तर की पुरते, ओऑथच्या भानगडीत पडू नका (म्हणजे यूजरकडून त्याच्या खात्याची परवानगी घेणं, ते अपलोड करायला किंवा कुणाच्या नावाने कमेंट टाकायला लागतं). की मिळाल्या मिळाल्या तिला रिस्ट्रिक्शन लावा, फक्त हाच एपीआय आणि फक्त तुमच्या सर्व्हरचा आयपी. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये तर ती अजिबात टाकू नका, जरा उचकलं की कुणालाही दिसते.

आता खरी गोम. रोजचा कोटा असतो १०,००० युनिटचा, ऐकायला भरपूर वाटतो, पण सर्चचा एक कॉल (एपीआयला केलेली एक मागणी) १०० युनिट खातो, म्हणजे दिवसाला १०० कॉल झाले की दुकान बंद. आणि मी शहाणा प्रत्येक पेजलोडला सर्च मारत होतो! शंभर जणांनी साइट उघडली, कोटा संपला, एपीआय ४०३ (परवानगी नाही असा एरर) देत बसला.

यावर उपाय म्हणजे अपलोड्सची प्लेलिस्ट. प्रत्येक चॅनेलची अशी एक प्लेलिस्ट आपोआप बनलेली असते, चॅनेल्सचा एक कॉल करून कन्टेन्ट डिटेल्स मागितले की तिचा आयडी मिळतो. तो एकदाच काढून ठेवायचा आणि मग प्लेलिस्ट आयटम्सचा कॉल करायचा, त्याला फक्त १ युनिट लागतं आणि एका वेळी ५० पर्यंत व्हिडिओ येतात.

तरी पेजलोडला कॉल नकोच. सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावा, दर १५ मिनिटांनी कॉल करून जेसन फाइलमध्ये (साधी डेटा साठवायची टेक्स्ट फाइल) सेव्ह करायचं आणि पेजने ती फाइल वाचायची, दिवसाचे ९६ युनिट, बास. कॉल फसला तर जुनी फाइल तशीच राहू द्या, तिच्यावर एरर लिहून ठेवू नका (हेही केलंय मी). तारखा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, साडेपाच तास मिळवा, नाहीतर प्रयोग आटोपून रात्री एक वाजता टाकलेला व्हिडिओ आदल्या दिवशीचा दिसतो.

कोटा रीसेट होतो कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड. त्या दिवशी मी कोड खोदत बसलेलो आणि साडेबाराला पेज आपोआप भरलं, ग्रुपवर थँक्यूचा पाऊस, मीही अंगठा दाखवून मोकळा झालो. दोनच्या सुमारास परत फोन.