जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी: पहिले पात्र बहुरूपी घ्यावे

मी २०१० साली नोकरीनिमित्त श्टुटगार्टला आलो. तेव्हापासून इथे नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींचे प्रश्न मी ठरलेल्या क्रमाने ऐकत आलो आहे: आधी आन्मेल्डुंगची, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवण्याची, तारीख, मग भाड्याचे घर, मग आरोग्य विमा, आणि नोव्हेंबरच्या सुमारास, जरा संकोचाने, ‘तुम्ही अजून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळता का, आणि मला सुरुवात करायची तर कोणता क्लास घेऊ?’ हा प्रश्न नोव्हेंबरातच का येतो हे मी जाणतो. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, रविवारी दुकाने बंद असतात, आणि घरी फोन करावा तर हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असल्यामुळे आपले आठ वाजतात तेव्हा आईवडील केव्हाच झोपलेले असतात. अशा संध्याकाळी इंटरनेटवर इतरांबरोबर खेळायचा हा संगणकीय खेळ खेळण्यात वावगे काही नाही. मात्र क्लास, म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार, निवडताना तो किती रुबाबदार दिसतो यापेक्षा त्याला किती प्रकारची कामे येतात, आणि त्यामुळे किती जणांना आपली गरज भासेल, हे पाहावे असे माझे मत आहे.

माझी स्वतःची पहिली निवड चुकली होती. मी रोग नावाचा क्लास घेतला; या शब्दाचा मराठी अर्थ तेव्हाच मनावर घ्यायला हवा होता. दोन हातांत दोन खंजीर घेऊन दबकत जायचे आणि पाठीमागून वार करायचा, हे एकट्याने हिंडताना फार मजेचे होते आणि आजही आहे. पण डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या तळघरासारख्या जागेत, जायचे तर पाच जणांचा गट लागतो: शत्रूचा मार अंगावर घेणारा एक टँक, सगळ्यांच्या जखमा भरून काढणारा एक हीलर आणि मारामारी करणारे तिघे. मारणारे हवे तेवढे मिळतात, टँक आणि हीलर मात्र कमी पडतात, त्यामुळे मारणाऱ्यांना रांगेत ताटकळावे लागते. २०११ च्या हिवाळ्यात मी रांगेत नाव लावून कुकर चढवत असे, आणि वरणभात जेवून भांडी घासून झाली तरी माझा नंबर आलेला नसे. आत गेल्यावरही माझ्याशी बोलण्याचे कोणाला कारण नसे, कारण माझ्यासारखे आणखी दोघे तिथे असत आणि मी निघून गेलो तर मिनिटाभरात बदली माणूस मिळे.

आज या खेळात १३ क्लास आहेत. २००४ साली खेळ आला तेव्हा नऊ होते. त्यात २००८ मध्ये डेथ नाइट, २०१२ मध्ये मंक, २०१६ मध्ये डीमन हंटर आणि २०२२ मध्ये इव्होकर यांची भर पडली. प्रत्येक क्लासच्या शाखा असतात, ज्यांना खेळाडू स्पेक म्हणतात, आणि खरी निवड तिथे असते. मेज, वॉरलॉक, हंटर आणि रोग यांच्या सर्व शाखा मारण्याच्याच आहेत, म्हणजे शाखा बदलली तरी काम तेच राहते. टँक, हीलर आणि मारणारा ही तिन्ही कामे येणारे क्लास तीनच आहेत: पॅलाडिन, मंक आणि ड्रुइड. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही, पण कंटाळा येऊ नये अशी इच्छा असेल तर ड्रुइड घ्यावा.

ड्रुइड म्हणजे आपल्याकडचा बहुरूपी. पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून खोटेच दरडावणारा बहुरूपी जसा कपड्यांबरोबर चाल आणि भाषाही बदलतो, तसा ड्रुइड रूपाबरोबर लढण्याचा सगळा हिशेबच बदलतो. अस्वल झाला की त्याचे बळ रेजवर, म्हणजे संतापावर, चालते, आणि रेज मार खाल्ल्याने वाढतो. मांजराच्या रूपात एनर्जी आपोआप भरत राहते आणि ओरखड्यागणिक कॉम्बो पॉइंट साठतात, जे पाच झाले की मोठा चावा घेऊन खर्चायचे असतात. मूनकिन हे घुबडासारखे रूप दुरून सूर्यचंद्राच्या मंत्रांनी मारते, तर हीलरला ‘माना’ नावाच्या, मंत्रांपायी खर्च होणाऱ्या शक्तीच्या साठ्यावर भागवावे लागते. चार शाखा असलेला हा एकमेव क्लास आहे. मी सुरुवात केली तेव्हा अस्वल आणि मांजर एकाच शाखेत होते आणि २०१२ मध्ये ते वेगळे झाले. त्या काळी शाखा नव्याने मांडायला खेळातले सोने मोजावे लागे. आता लढाई चालू नसेल तर केव्हाही फुकट बदलता येते.

या चारांत मी सर्वाधिक रमलो तो हीलिंगमध्ये. ड्रुइडची बहुतेक औषधे हळूहळू लागू पडणारी आहेत, त्यामुळे जखम झाल्यावर धावून उपयोग होत नाही. टँकवर लाइफब्लूम आधीच लावून ठेवायचे, ज्याला आता फटका बसेलसे वाटते त्याच्यावर रिजुव्हेनेशन टाकायचे, आणि पुढच्या काही सेकंदांत काय घडणार याचा अंदाज बांधत राहायचे. दूध वर येताना दिसल्याबरोबर गॅस बारीक करणाऱ्या माणसाला हे काम चटकन जमते. उतू गेल्यावर ओटा पुसणाऱ्याने पॅलाडिन घ्यावा.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा आक्षेप या क्लासवर जुने खेळाडू घेतात, आणि पहिल्या महिन्यापुरता तो खरा आहे. चारही रूपे एकदम शिकायला गेलात तर गोंधळ उडतो. एकदा मी टँक म्हणून गेलो असताना घाईत स्वतःलाच औषध लावायला गेलो. तो मंत्र म्हणताच अस्वलाचे रूप सुटले आणि पुढच्याच फटक्यात मी आडवा झालो, पाठोपाठ उरलेले चौघेही. म्हणून एका वेळी एकच शाखा हाती घ्यावी. पण आक्षेपाला उत्तरही आहे: खेळ बनवणारे अधूनमधून शाखांच्या ताकदीचे आकडे बदलत असतात, आणि आजची जबरदस्त शाखा पुढच्या बदलात फिकी पडते. तेव्हा इतरांना नवे पात्र पहिल्यापासून वाढवावे लागते, आपण फक्त वेश बदलतो.

युरोपातले सर्व्हर भाषेनुसार विभागलेले आहेत. आपली मुले डोळे झाकून इंग्रजी सर्व्हर घेतात. ज्यांचे जर्मन ए-टू पातळीपर्यंत, म्हणजे साध्या रोजच्या बोलण्यापुरते, आले आहे त्यांनी अँटोनिडास किंवा ब्लॅकहँडसारख्या जर्मन सर्व्हरवर जावे. ऑफिसात लोक आपल्याकडे पाहून सौजन्याने इंग्रजीत बोलू लागतात, पण समोर राक्षस उभा असताना हे सौजन्य कोणालाच परवडत नाही. ‘राउस’ म्हणजे आगीतून बाहेर पडा आणि ‘त्सुझामेन’ म्हणजे एकत्र या, हे मी कोणत्याही वर्गात शिकलो नाही. लढाई चालू असताना मेलेल्या साथीदाराला उठवण्याची विद्या ज्या थोड्या क्लासांना येते त्यांत ड्रुइड आहे, आणि तिचे जर्मन नावच पुनर्जन्म असे आहे. एका रात्री टँक पडला, हेडफोनमध्ये कोणीतरी ‘ड्रुइडे, बॅटल-रेझ!’ असे ओरडले आणि माझ्या तोंडून ‘माख इष’, म्हणजे ‘मी करतो’, असे निघून गेले. मनातल्या मनात जुळवणी न करता बोललेले ते माझे पहिले जर्मन वाक्य होते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. साधा मानव किंवा ऑर्क घेतल्यास ड्रुइड होता येत नाही, तेव्हा वंश निवडतानाच लक्ष द्यावे. नाइट एल्फ किंवा टॉरेन घेतल्यास अडचण नाही. विसाव्या लेव्हलपर्यंत खेळ फुकट आहे, पण त्या टप्प्यात गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळात, शिरता येत नाही. शाखा दहाव्या लेव्हलला निवडायची असल्यामुळे दोनतीन क्लास तिथवर नेऊन पाहायला पैसे पडत नाहीत. लोकांसमोर चूक होण्याची धास्ती असेल तर संगणकाने चालवलेल्या साथीदारांबरोबर डंजन करण्याची सोय २०२४ पासून आहे. हीलिंगचा सराव तिथे करावा. चामड्याचे चिलखत चारही शाखांना तेच चालते, परंतु हत्यार मात्र अस्वल-मांजरासाठी चपळाईचे आणि उरलेल्या दोघांसाठी बुद्धीचे लागते, म्हणून जुने हत्यार लगेच विकू नये.

शेवटची सूचना घराबद्दल आहे. ड्रुइडला बाकीच्यांपेक्षा बटणे जास्त लागतात, आणि आपल्या इमारतींत रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच वर्षी टपालपेटीत चिठ्ठी टाकून, रात्री अकरा वाजता टाइपरायटरवर काय लिहिता, अशी अत्यंत सभ्य चौकशी केली होती. तेव्हापासून माझ्या कीबोर्डखाली सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी असते.